कलमांवर जगलेली डोरिस

माझं एक मत फार पक्कं होतं. वाढवायची तर मूळ जातीची झाडं वाढवावीत, संकराची रोपं म्हणजे नर्सरीवाल्यांची दुकानदारी. हे मी चारचौघांत ठासून सांगत असे. मूळ जातीला तिचा डोंगर असतो, तिथला पाऊस असतो. संकराला बाजारानं दिलेलं एक नाव, बस. आज मी असं म्हणणार नाही. हे मत बदललं ते ‘डोरिस टेलर’ नावाच्या एचेवेरिया या लवदार सक्युलंटमुळे.

मेक्सिकोतल्या दोन जातींचा हा संकर. सेटोसा प्वेब्लाची, जमिनीलगत पानांचा घट्ट गुच्छ करणारी, अंगभर पांढरे केस असलेली. पुल्विनाटा ओहाकाची, 1903 साली शास्त्रीय नाव मिळालेली, मखमली पानांची आणि खोड धरून झुडपासारखी वाढणारी. डोरिसमध्ये दोघीही दिसतात. सकाळच्या तिरप्या उन्हात तिचं एक पान डोळ्यांजवळून बघा. एकेक केस सुटा दिसतो, कडेला चंदेरी रेघ उमटते, टोकाशी तांबूस छटा असते. ही लव नुसती शोभेची नाही. ती कडक ऊन परतवते आणि पानालगतची हवा धरून ठेवते, म्हणून बाष्प कमी उडतं. शिवाय ही झाडं पानांची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात, दिवसा मिटून घेतात.

पुण्याच्या पावसात मात्र हीच लव वैरीण होते. थेंब केसांत अडकतात, गुच्छात पाणी साचतं आणि पोंगा सडतो. म्हणून जून लागण्याआधी कुंडी छपराखाली, पण भरपूर उजेडात घ्यावी. पाणी कुंडीच्या कडेनं द्यावं, तेही माती खालपर्यंत कोरडी झाल्यावरच. मातीत निम्म्याहून जास्त जाड रेती आणि विटांचा चुरा हवा, शेणखत बेतानं. पिठ्या ढेकणाकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. तो पांढरा, लव पांढरी. पानांच्या बेचक्यात चष्मा लावून शोधावा तेव्हा सापडतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं टिपून काढला की आटोक्यात राहतो.

पण माझं मत बदललं ते या निगराणीतून नाही. डोरिसचं बी लावलं तर त्यातून डोरिस येत नाही, कुठल्या तरी पूर्वजाकडे झुकलेलं वेगळंच रोप येतं. ती टिकते फक्त छाटकलमांनी. म्हणजे कुठल्याही देशातल्या कुठल्याही गच्चीवर असलेली खरी डोरिस ही त्या पहिल्या रोपाचाच तुकडा. कुणीतरी शेंडा कापला, सुकवला, लावला, पुढे दुसऱ्याला दिला. आणि हे आजतागायत कुठे ना कुठे चालू राहिलं. मूळ जात डोंगरात आपलं आपण बी टाकते. संकराला असा डोंगर नाही. माणसांनी हात आखडला तर तो संपलाच. आपल्या हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, तोही कलमांवरच टिकला. त्याला मी कधी दुकानदारी म्हटलं नव्हतं. मग डोरिसलाच का म्हणावं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

रंग फवारून विकली जाणारी सक्युलंट मला आजही पाहवत नाहीत. रंगाच्या थरानं पानाला मिळणारा उजेड अडतो, ते झाडाचे हालच आहेत. त्या बाबतीत माझं मत तसूभरही हललेलं नाही.

वय वाढलं की डोरिसची खालची पानं वाळतात आणि तपकिरी लवेचं खोड उघडं पडतं. पुष्कळ जण तेव्हा रोप संपलं समजून टाकून देतात. तसं करू नका. पावसाळा सरला की धारदार सुरीनं शेंडा कापा, काप सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवा, मग रेताड मातीत लावा आणि मुळं धरेपर्यंत पाणी हात राखून द्या. जुनं खोडही ठेवा, त्याला फुटवे येतात. एक रोप स्वतःकडे ठेवा आणि दुसऱ्या रोपाच्या कुंडीत नावाची पट्टी खोचून ते ओळखीतल्या कुणाला तरी द्या. नाव मात्र नक्की लिहा.