तगादा

सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये एखाद्या ओळीवर नुसतं एक टिंब पडलेलं असलं, तर तो प्रोग्रॅम कंपाइल होत नाही. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस एक्सझेड या प्रकल्पात असं एक टिंब मुद्दाम टाकलं गेलं, आणि तेही अशा जागी की काही बिघडल्याचं कुणाला दिसू नये. बिल्ड करताना एक्सझेडची स्क्रिप्ट आधी एक छोटासा प्रोग्रॅम कंपाइल करून बघते. तो झाला, तर या मशीनवर लँडलॉकची सोय आहे असं धरते. नाही झाला, तर सोय नाही असं मानून मुकाट्याने पुढे जाते. लँडलॉक वापरून एखादा प्रोग्रॅम लिनक्सला आपणहून सांगू शकतो की मला एवढ्याच फायलींना हात लावू दे, बाकी सगळं बंद कर. टिंबामुळे तो छोटा प्रोग्रॅम कुठल्याच मशीनवर कंपाइल होईना, आणि सीमेक हे बिल्डचं साधन वापरून केलेल्या प्रत्येक बिल्डमधून ही सोय गायब झाली. एरर नाही, वॉर्निंग नाही.

माझं काम दुसऱ्यांचा कोड वाचण्याचं. आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्यांना मी हा बदल स्क्रीनवर दाखवते आणि गप्प बसते. हिरव्या पट्टीवर अधिकचं चिन्ह, त्याच्यापुढे ते टिंब. बहुतेकांची नजर तिथे न थांबता खालच्या फंक्शनवर जाते, कारण कोडमध्ये काही घडतं ते फंक्शनमध्ये, हे आपण शिकलेलो असतो. टिंब सापडलं की कुणीतरी हमखास विचारतं, "पण मॅम, याचा रिव्ह्यू कोणी केला?" टिंब टाकणाराच तोवर प्रकल्पाचा मेंटेनर, म्हणजे तो सांभाळणारा, झालेला होता. तो तिथवर कसा पोचला, ही खरी समजून घेण्याची गोष्ट आहे, आणि तिच्यात कोड फार थोडा आहे.

एक्सझेड म्हणजे फायली दाबून लहान करण्याचं साधन. बहुतेक सगळ्या लिनक्समध्ये ते असतं, पुष्कळ पॅकेजं त्यात बांधली जातात. फिनलंडचा लासे कॉलिन हा माणूस वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने ते सांभाळत आला. पगार नाही, कंपनी नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, आणि हे लष्कर जगभरचं. २०२१ मध्ये जिया टॅन या नावाने कोणीतरी पॅच पाठवू लागलं. पॅच साधे होते, नीट होते. २०२२ मध्ये जिगर कुमार, डेनिस एन्स अशा नावांनी कॉलिनला ईमेल यायला लागले. पॅच महिनोन्‌महिने पडून आहेत. रिलीज कधी? तुला आता यात रस उरलेला दिसत नाही. दुसऱ्या कुणाकडे का सोपवत नाहीस? कॉलिनने उत्तर दिलं की बऱ्याच काळापासून आपलं मानसिक आरोग्य ठीक नाही, आणि हा विनामोबदला छंदातून चाललेला प्रकल्प आहे हेही लक्षात असू द्या. जिया टॅनला पुढे मोठी भूमिका देता येईल, असंही त्याने लिहिलं. त्यावर, तुझ्या तब्येतीबद्दल वाईट वाटतं, पण आपल्या मर्यादा ओळखाव्यात, अशा अर्थाचा निरोप आला. २०२३ मध्ये रिलीज काढण्याचे अधिकार जिया टॅनकडे आले. तगादा लावणारी ती नावं नंतर कुठे दिसली नाहीत. जिगर कुमार हे नाव वाचून आपल्याकडे अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. पण नावावरून देश ठरवण्यात काही अर्थ नाही. जिया टॅन कोण, हे आजतागायत उघड झालेलं नाही.

ती पत्रं मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. त्यांत शिवी नाही, धमकी नाही. व्याकरणही बेताचं. ओपन सोर्समध्ये काम केलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटतील, कारण असली पत्रं रोज येतात आणि त्यांतली जवळजवळ सगळी प्रामाणिक माणसांनी लिहिलेली असतात. कुणाचं प्रॉडक्शन अडलेलं असतं, कुणाच्या मॅनेजरने तारीख दिलेली असते. हल्लेखोराला वेगळी भाषा शोधावी लागली नाही. आपण सगळे मेंटेनरशी ज्या सुरात बोलतो, त्यातच त्याने आपला आवाज मिसळला. म्हणून तगाद्याला हल्ल्याची पूर्वतयारी म्हणणं मला पटत नाही. हल्ला २०२२ मध्येच सुरू झाला होता आणि त्याचं लक्ष्य एक थकलेला माणूस होता. मागाहून आलेला कोड हा त्याचा दुसरा टप्पा.

तो दुसरा टप्पा कसबी होता, हे मान्य करावंच लागेल. एक्सझेडमध्ये बॅकडोअर, म्हणजे मशीनमध्ये शिरायचं चोरदार, घातलं गेलं होतं. त्याचा ऐवज टेस्टसाठी ठेवलेल्या फायलींत दडवला होता. दाबलेल्या फायली वाचणाऱ्या प्रोग्रॅमला मुद्दाम खराब केलेल्या फायली टेस्टसाठी लागतातच. त्या उघडून कोण बघणार? तो ऐवज बाहेर काढून बिल्डमध्ये घुसवणारी ओळ गिटमधल्या सोर्समध्ये नव्हतीच. ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे आवृत्तीसोबत मिळणाऱ्या गाठोड्यात होती. सगळं जग गिटमधला कोड वाचतं आणि डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सच्या आवृत्त्या बांधणारे प्रकल्प, टारबॉल उचलतात. या दोहोंत फरक असू शकतो, हे माहीत असूनही तो तपासण्याचा रिवाज पडलेला नव्हता. लक्ष्य होता एसएसएच सर्व्हर, म्हणजे मशीनवर दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्रॅम. तो मुळात एक्सझेडची लायब्ररी वापरतही नाही. पण डेबियन, फेडोरा यांसारख्या डिस्ट्रोंनी सिस्टिमडीसाठी त्याला एक पॅच लावलेला होता, आणि त्या वाटेने ही लायब्ररी सर्व्हरच्या प्रोसेसमध्ये येऊन बसत होती. ज्याच्याकडे ठरावीक खासगी किल्ली आहे, त्याला लॉगिन न करता समोरच्या मशीनवर हवी ती आज्ञा चालवता आली असती.

हे सापडलं ते आंद्रेस फ्रॉइंडमुळे. तो पोस्टग्रेसच्या डेव्हलपरांपैकी एक, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. पोस्टग्रेसचा वेग मोजण्यासाठी त्याला मशीन शांत हवं होतं, पण एसएसएचच्या प्रोसेस नको इतका सीपीयू खात होत्या. लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता. त्याआधी वॅलग्राइंड या मेमरीतले दोष शोधणाऱ्या साधनाने दाखवलेल्या काही विचित्र तक्रारी त्याला आठवल्या आणि शंकेची पाल चुकचुकली. २९ मार्च २०२४ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्याने सगळं जाहीर केलं. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. पुण्यात फेडोरा आणि रेड हॅटवर काम करणारे पुष्कळ जण आहेत. सलग सुट्टीचा बेत करून निघालेल्या कितीतरी जणांनी त्या रात्री लॅपटॉप उघडले. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखांत आणि फेडोराच्या रॉहाइड या विकासशाखेत पोचल्या होत्या. स्थिर आवृत्त्यांत अजून पोचायच्या होत्या.

यावर दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजल्या. ओपन सोर्स होतं म्हणून सापडलं, असं एक म्हणाले. ओपन सोर्स होतं म्हणून कुणीही घुसू शकलं, असं दुसरे. मी पहिल्यांच्या बाजूची आहे. बंद कोड असता, तर फ्रॉइंडला अर्धा सेकंद दिसला असता आणि तो तिथेच अडला असता. कुठल्या लायब्ररीत पाणी मुरतंय इथपर्यंत त्याला माग काढता आला नसता. पण पुरेशी माणसं बघणारी असली की प्रत्येक दोष उथळ होतो, हे एरिक रेमंडचं म्हणणं ज्या खात्रीने आपण सांगत आलो, ती खात्री मला उरलेली नाही. कोड खुला आहे म्हणजे बघायला मुभा आहे. बघायला बसायचं म्हणजे कुणाचा तरी दिवस त्यात जायचा, आणि तो दिवस कोण देतं याचा हिशोब ओपन सोर्सच्या कौतुकात येत नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीत हार्टब्लीड हा दोष सापडला तेव्हा हेच दिसलं होतं. जगातले असंख्य वेब सर्व्हर ज्या ओपनएसएसएलवर उभे, त्या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच. तेव्हा मोठ्या कंपन्या खडबडून जाग्या झाल्या, निधी उभा राहिला. तो गाजलेल्या प्रकल्पांपर्यंत गेला. एक्सझेडचं नावही तेव्हा कुणी घेत नव्हतं.

आता नीतीचं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये लिनक्स कर्नलला बनावट नावांनी मुद्दाम सदोष पॅच पाठवले. मेंटेनरांना दोष पकडता येतो का, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. एप्रिल २०२१ मध्ये कर्नलचा एक मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन याने त्या विद्यापीठाचं योगदान घेणं बंद केलं. पुढे संशोधकांनी माफी मागितली आणि निबंध मागे घेतला. माझ्या व्यवसायातले काही जण अजून त्यांची बाजू घेतात. म्हणतात, एक्सझेडने तेच खरं करून दाखवलं ना? शिवाय आपणही कंपन्यांत फिशिंगच्या चाचण्या घेतोच की. घेतो. पण त्याआधी मालकाची लेखी परवानगी घेतो, काय करणार आणि काय नाही हे कागदावर ठरवतो. मिनेसोटातल्या मंडळींनी ज्यांच्यावर प्रयोग केला त्यांना विचारलं नाही, आणि त्या माणसांचा रिव्ह्यूचा वेळ, जो आधीच अपुरा आहे, आपल्या निबंधासाठी खर्ची घातला. निष्कर्ष बरोबर निघाला म्हणून ती परवानगी मागाहून मिळत नाही.

परवानगीचा हा प्रश्न आपल्या कायद्यातही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दल आहे. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चांगल्या हेतूने दोष शोधून कळवणाऱ्याला स्पष्ट संरक्षण कुठेच नाही. मला एकदा एका पतसंस्थेच्या पोर्टलवर दिसलं, की पत्त्यातला आकडा बदलला की दुसऱ्या सभासदाचं खातं उघडतं. एक पान उघडल्यावर मी थांबले. आणखी पानं उघडून दोष जास्त सिद्ध होत नाही, फक्त आणखी माणसांचे पैसे आपण बघितलेले असतात. संस्थेला कळवलं, तर आमच्या सिस्टिममध्ये तुम्ही गेलातच कशाला, असा उलट जाब आला. मग सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेला कळवलं. काही दिवसांनी दोष दुरुस्त झाला, पत्राला उत्तर मात्र आलं नाही. मला त्या संस्थेच्या कारकुनाचा राग येत नाही. पत्र उघडणाऱ्याला असं पत्र कसं वाचायचं हे कुणी शिकवलेलंच नसतं.

म्हणून पत्र लिहिणं हा मी माझ्या कामाचा भाग मानते, आणि तो शिकवतेही. काय दिसलं, ते पुन्हा कसं दाखवता येईल, मी कशाला हात लावला नाही, दुरुस्ती सुचते आहे का, किती दिवस थांबेन. या शेवटच्या वाक्यापाशी मी दर वेळी अडते. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने नव्वद दिवसांची मुदत रूढ केली, आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ती न्याय्य आहे. तिच्यावाचून दोष वर्षानुवर्षं दाबले जात. पण तीच मुदत संध्याकाळी घरी येऊन प्रकल्प सांभाळणाऱ्या एकट्या माणसाला लावली, की तिचा तगादा होतो. जून २०२५ मध्ये लिबएक्सएमएल२ या लायब्ररीचा मेंटेनर निक वेलनहोफर याने जाहीर केलं, की सुरक्षेचे दोष आता गुप्त ठेवून मुदतीत सोडवायचे नाहीत, इतर बगसारखेच हाताळायचे. ही लायब्ररी ॲपल, गूगल यांच्याही सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्यावर बेजबाबदारपणाचा ठपका ठेवणारे पुष्कळ निघाले. मला त्याचं पटतं. ज्यांची मिळकत त्या कोडवर उभी आहे त्यांनी दोष दाखवावा, मुदत द्यावी आणि दुरुस्ती त्याने फुकट करावी, ही विभागणी अन्यायाची आहे. त्यात आता यंत्राकडून लिहून घेतलेल्या खोट्या दोषांच्या रिपोर्टांची भर पडली आहे. कर्ल या प्रकल्पाचा डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून त्याबद्दल उघडपणे बोलतो आहे. दिसायला नेटके, आत काही नाही, आणि प्रत्येक वाचायला माणूसच लागतो.

कॉलिनबद्दल एक सांगायचं राहिलं. प्रकार उघडकीला आला तेव्हा तो इंटरनेटपासून थोडा दूर होता. परत आल्यावर त्याने प्रकल्प सोडला नाही. जिया टॅनच्या हाताखालून गेलेला सगळा कोड तपासत बसला आणि २९ मे २०२४ ला ५.६.२ ही साफ आवृत्ती काढली. तेव्हाही पगार नव्हता.

आमच्या कंपनीत मी यंदा एक मागणी लावून धरली आहे: आपण ज्या लायब्ररी वापरतो, त्यांतल्या निवडक प्रकल्पांना आमच्या टीमचे कामाचे तास द्यायचे. रिपोर्ट पाठवायचा तर सोबत पॅच आणि टेस्टही आपणच लिहून द्यायची, आणि मेंटेनरला हवं असेल तर पडून राहिलेले जुने बगही बघायचे. वरच्यांनी तत्त्वतः होकार दिला आहे. सुरुवात कुठून करायची यावर वाद चालू आहे. त्यांना आमच्या उत्पादनात सर्वांत जास्त वापरली जाणारी लायब्ररी आधी हवी आहे. मी यादी उलटी लावून दिली आहे, जिचा मेंटेनर एकटा आहे ती पहिली.