सेंटिमीटरभर सैनिकांचं वॉटर्लू

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडलेले तुमचे हात पुन्हा शिवशिवतायत? मग लंडनला गेलात की चेल्सीतलं नॅशनल आर्मी म्युझियम चुकवू नका. तिकीट नाही. तिथे वॉटर्लूची लढाई मांडली आहे: १८ जून १८१५, संध्याकाळचे सात. ७०,००० पेक्षा जास्त धातूचे सैनिक, एकेक जेमतेम सेंटिमीटरभर!

कॅप्टन विल्यम सिबोर्नने आठ महिने रणभूमीवर राहून मोजमापं घेतली. कोण कुठे उभं होतं, हे लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहून विचारलं. सरकारने मध्येच पैसे थांबवले, तेव्हा उसनवारी करून १८३८ मध्ये काम पुरं केलं. इतकं करून वेलिंग्टनच्या गोटाला खटकलं काय, तर प्रशियन सैन्याची जागा! पुढे सिबोर्नने त्यातले बरेच प्रशियन उचलले.

ला हे सेंतचं शेतघर आधी शोधा. त्याचा मुक्काम तिथेच होता.