कोरी चिप आणि घासलेला नंबर

आज राजकारणावर नाही, शेतातल्या एका डब्यावर लिहितोय. थोडं लांबलंय, पण सोलर पंपवाल्यांनी पूर्ण वाचा.

मागच्या हिवाळ्यात माझ्या चुलत भावाचा सोलर पंप ऐन हरभऱ्याच्या पाण्याला बंद पडला. सरकारी योजनेतला पंप, पाच वर्षांची देखभाल नुकतीच संपलेली. पॅनल ठीक, मोटार ठीक, कंट्रोलर गेलेला. कंपनीचं उत्तर एकच, नवा घ्या. विहिरीत पाणी असून पीक सुकायला लागलं, शेवटी त्यानं डिझेल इंजिन भाड्यानं आणलं.

तो डबा आम्ही जालन्यात एका ओळखीच्या मेकॅनिककडे नेला. त्यानं बोर्ड भिंगाखाली धरून मला दाखवला. मुख्य चिपवरचा नंबर चक्क घासून काढलेला!

"अन् नंबर असता तरी काय भाऊ," तो म्हणला. "चिप बाजारात भेटंल, पण कोरी भेटंल. आतला प्रोग्राम कंपनीनं लॉक केलेला हाये. सर्किटचा कागद तर कोणी देतच नाही."

आमच्या घरच्या जुन्या रेडिओच्या मागच्या झाकणाला आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला होता. दुरुस्तीवाला त्यावर बोट ठेवून बिघाड शोधायचा. तो कागद गेला आणि त्याच्यासोबत गावातली दुरुस्तीही गेली.

यावर थोडं वाचलं, लोकांना विचारलं. कुलपं दोन असतात. एक बोर्डाचं, म्हणजे कोणता भाग कुठं जोडलाय त्याचा नकाशा. दुसरं चिपचं. चिपची कोणती पिन काय करते, तिला हुकूम कसा द्यायचा, हे सांगणाऱ्या पुस्तकाला डेटाशीट म्हणतात. काही कंपन्या ते फुकट देतात, काही गुप्ततेचा करार केल्याशिवाय आणि मोठी ऑर्डर असल्याशिवाय दाखवतही नाहीत. २००५ साली इटलीत सुरू झालेल्या आर्डुइनोचं उदाहरण घ्या. त्याचा नकाशा सगळ्यांसाठी खुला आहे. त्यावरची चिप खासगी कंपनीची, तिची आतली रचना काही खुली नाही, पण डेटाशीट कुणीही उतरवून घ्यावं. तेवढ्यावर जगभरची पोरं यंत्रं बनवायला लागली.

आपल्याकडंही हे नवं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. २००२ मध्ये तिथं फॅब लॅब आली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. खेड्यातली पोरं स्वतः सर्किट बोर्ड बनवतात, कारण वापरलेल्या चिपचं पुस्तक समोर असतं. आणखी पुढचं पाऊल आयआयटी मद्रासचं. त्यांच्या 'शक्ती' प्रोसेसरची रचनाच खुली आहे. मला मात्र शक्तीपेक्षा आधी त्या डब्याचा नकाशा पाहिजे.

कारण पैसा आपला आहे. २०२४ पासूनच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकरी १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा ५ टक्के. बाकी अनुदान. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे, ती चांगलीच गोष्ट. पण सहाव्या वर्षी काय? पॅनल वीस-पंचवीस वर्षं चालतं हो!

कंपन्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. नक्कल होईल, आणि पॅनलचा डीसी करंट माणूस मारू शकतो. पण नकाशा लपवल्यानं करंट कमी होत नाही, उलट अंदाजानं हात घालणारा मेकॅनिक मरतो. नकलेची भीती असेल तर हमी असेपर्यंत कुलूप ठेवा. निविदेतच अट घाला की सर्किटचा नकाशा, चिपचे नंबर आणि प्रोग्रामची फाईल महावितरणकडे जमा राहील आणि हमी संपली की दुरुस्तीवाल्यांना मिळेल. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तिनं निवडलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारं होतीच. सोलर पंप अवजारात धरायचा की नाही, एवढं तरी आमदार-खासदारांनी विचारावं.

मी या मागणीचं निवेदन तयार करतोय. टेंभुर्णी आणि जाफ्राबाद तालुक्यात ज्यांच्या पंपाची हमी संपली आणि कंट्रोलर बंद आहे, त्यांनी पंप बसवल्याचं वर्ष, एचपी आणि दुरुस्तीला काय उत्तर मिळालं ते मला कळवा. डबा उघडू नका, बाहेरून फोटो काढला तरी चालेल.