ट्रंपेट वरातीत आला, बरं झालं

डोनाल्ड बर्ड या ट्रंपेटवाल्यावर माझा बरीच वर्षं राग होता. माणूस डेट्रॉइटचा. ‘ब्लू नोट’ कंपनीसाठी अस्सल, अवघड जॅझ वाजवून नाव कमावलेला. १९७३ साली त्यानं ‘ब्लॅक बर्ड’ काढली. मिझेल बंधूंची निर्मिती, खाली पाय हलवायला लावणारा बास आणि वर सोपे, गोड सूर. सरळसरळ फंक. ती ‘ब्लू नोट’ची तोवरची सर्वांत खपलेली रेकॉर्ड ठरली, आणि माझ्या लेखी खप हाच गुन्ह्याचा पुरावा होता. दुसरा ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस, त्याचंही तेच. ‘बिचेस ब्रू’पर्यंत मी त्याच्यासोबत चाललो, १९७२ च्या ‘ऑन द कॉर्नर’ला ‘बाजार’ म्हणून मोकळा झालो. त्यात बादल रॉय यांचा तबला आहे, त्याचीही मला दया आली नाही.

मराठवाड्यातल्या सोनपेठमध्ये राहून असली मतं बाळगण्यात एक सुख असतं. जॅझवर भांडायला इथं दुसरं कुणी भेटत नाही, त्यामुळे आपलाच शब्द शेवटचा.

मत हललं ते एका परण्यात. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघालेला, पुढं बँड. ट्रंपेटवाला जुन्या सिनेमाची चाल वाजवत होता आणि दोन ओळींच्या मधे स्वतःच्या पदरची एक हरकत टाकत होता. कुणी मागितली नव्हती, तिचे वेगळे पैसेही मिळणार नव्हते. ती हरकत ऐकून मी पहिल्यांदा विचार केला, की हे वाजवणं सोनपेठपर्यंत आलं कुठून?

वाद्य आलं लष्करी बँडांतून. पण त्याचा तो खट्याळ, झुलता बोल आला गोव्याहून, मुंबईमार्गे. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट. ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत त्याला. ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजायचा. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली अशी पुष्कळ मंडळी तेव्हा मुंबईत होती. १९४९ च्या कायद्यानं दारूबंदी आवळली तशी हॉटेलांतली रात्र आटली, आणि सिनेमाच्या स्टुडिओत मात्र वाचून वाजवणाऱ्यांची गरज वाढत होती. चिक पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांच्याकडे काम करू लागला. १९५१ च्या ‘अलबेला’त मास्टर भगवान आणि गीता बाली ज्या गाण्यांवर नाचतात त्यांत त्याचा ट्रंपेट आहे, पडद्यावर बँडसकट तो स्वतःही दिसतो.

जुन्या हिशेबानं हाही विकला गेलेला माणूस. पण ताजमध्ये त्याचा शुद्ध जॅझ ऐकायला आमच्या मराठवाड्यातला कोण गेला असता? दारात पाऊल टाकू दिलं नसतं. ‘अलबेला’ मात्र तंबूच्या टॉकीजमधून, रेडिओवरून, मग बँडवाल्यांच्या कानांतून थेट वरातीत शिरला. म्हणजे ज्याला मी बाजार म्हणत होतो, तो नसता तर माझ्या कानावर ट्रंपेट पडलाच नसता. पुढं बर्डवर रागवायची पात्रताही आली नसती.

‘अलबेला’ मग नीट, हेडफोन लावून ऐकला. हॉटेलात वाजवणाऱ्याला हवा तेवढा वेळ असतो. लोक जेवताहेत, फुंकत बसा. इथं गाणारा श्वास घेतो तेवढीच फट. तेवढ्यात आत शिरायचं, आपलं म्हणणं सांगायचं, पुढच्या शब्दाला धक्का न लावता बाहेर पडायचं. मी ज्याला सोपं समजत होतो त्यात ओठांची केवढी ताकद आणि केवढा संयम लागतो!

त्यानंतर ‘ब्लॅक बर्ड’ पुन्हा लावली. ठेका सोपा आहेच. पण बर्ड त्याच्यावर घाई न करता, ऐसपैस जागा सोडून बोलतो. तेव्हा तो वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवत होता, आणि त्याच्याच विद्यार्थ्यांचा ‘ब्लॅकबर्ड्स’ हा बँड निघाला. नाचाच्या गाण्यांवर वाढलेल्या पोरांना शिकवणारा मास्तर त्यांच्या ठेक्यावर वाजवू लागला, यात फितुरी कसली?

तरी सगळ्यांनाच माफी दिलेली नाही. ट्रंपेटवाला फ्रेडी हबर्ड माझा फार लाडका. त्याची १९७० ची ‘रेड क्ले’ मी कधीही ऐकेन. १९७६ ची ‘विंडजॅमर’ मात्र अजून पचत नाही. तिथं ठेका हबर्डला वाजवतो, हबर्ड ठेक्याला नाही. परण्यातल्या त्या गड्यानं स्वतःची हरकत टाकली होती. हबर्डची मी त्या रेकॉर्डमध्ये अजून शोधतोय.