कान तुटलेला कप

मुलुंडच्या आमच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्याखालच्या ज्या कोनाड्यात काथ्या, साबणाची वडी आणि निकामी झालेली गाळणी यांची वस्ती असते, त्या कोनाड्यात चाळीसहून अधिक वर्षे एक कप पालथा पडलेला आहे. कप चिनी मातीचा, पांढरा, काठाला निळी रेघ असलेला. त्याचा कान तुटला आहे, आणि जेथून तो तुटला तेथील दोन खडबडीत खुणा इतक्या वर्षांच्या घासण्याने गुळगुळीत झाल्या आहेत. या कपाने कोणी चहा प्यावा याविषयी आमच्या घरात कधी ठराव झाला नाही, चर्चा झाली नाही, कोणी कोणास ताकीद दिली नाही. आणि तरीही एखाद्या जुन्या वहिवाटीइतक्या काटेकोरपणे त्या अलिखित हुकमाचा अंमल चालू राहिला. मी ख्रिस्ती आहे, तिसऱ्या पिढीचा, आणि त्या कपाची हकीकत सांगावयाची तर तेथूनच आरंभ करावा लागतो.

माझे आजोबा श्रीगोंदे तालुक्यातील एका खेड्याच्या महारवाड्यातले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ सालापासून अहमदनगरास ठाणे मांडले होते, आणि पुढे एकामागून एक आलेल्या दुष्काळांत त्या मिशनच्या शाळा, दवाखाने आणि धान्याची कोठारे यांच्याभोवती जी माणसे जमली त्यांत आमचे घराणे होते. पोटासाठी आलो की परमेश्वरासाठी, हा प्रश्न आजोबांना कोणी विचारला तर ते शांतपणे म्हणत, 'भुकेल्याला दोन्ही एकाच दारात भेटले, तर त्याने कोणत्या दाराची चौकशी करावी?' नारायण वामन टिळकांना नगरच्या रस्त्यात आपण दुरून पाहिले होते, हेही ते अभिमानाने सांगत. परंतु त्यांच्या आठवणींचे खरे केंद्र होते पहिले प्रभुभोजन. मुलाम्याचा एकच प्याला, तो पाळकांच्या हातून निघाला, बाकांच्या रांगेतून ओठाओठांनी सरकत आला, आणि त्यांच्या आधी ज्याने त्याला ओठ लावले होते तो जन्माने ब्राह्मण होता. ज्या मनुष्याने तोपर्यंत परक्याच्या हातचे पाणी केवळ वरून ओतलेले आणि ओंजळीत झेललेले प्याले होते, त्याला त्या घोटभर द्राक्षरसाची चव आठवत नव्हती. प्याल्याचा काठ ओला होता, एवढेच त्यांना आठवे. त्यांच्या प्रामाणिकपणाला स्मरून एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. तोच प्याला मांगवाड्यातून आलेल्या बांधवांकडून आपल्याकडे येई तेव्हा आपल्याच रांगेत कुरकुर होई, आणि ती कुरकुर करणाऱ्यांत आपणही होतो, हे त्यांनी कधी लपविले नाही.

गावाच्या लेखी बाप्तिस्म्याने काहीच बदलले नव्हते. वडिलांच्या लहानपणी, म्हणजे तिसाच्या सुमारास, गावात पहिले चहाचे दुकान निघाले तेव्हा त्याच्या वळचणीला, बाहेरच्या अंगास, खिळ्यावर दोन कप टांगलेले असत. आपल्या माणसाने कप आपणच काढावा, पुढे धरावा, वरून पडणारा चहा घ्यावा, कप आपणच विसळून पुन्हा खिळ्याला लावावा, आणि पैसे पायरीवर ठेवावे. त्या वेळेस महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन गेला होता, २० मार्च १९२७ ही तारीख मुंबईहून येणाऱ्या गिरणीकामगारांच्या तोंडून खेड्यापाड्यांत पोहोचली होती. पण खिळा होता तेथेच होता. पुढे सरकारी दप्तराने एक चमत्कारिक न्याय केला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची गणना हिंदूंपुरती ठेवली, पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तीत जागा मिळाली. ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणजे दाखल्यापुरते आम्ही अस्पृश्य नव्हतो, केवळ चहापुरते होतो.

आजोबांची आवडती कथा योहानाच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायाची. याकोबाच्या विहिरीवर दुपारच्या उन्हात दमून बसलेला येशू एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो, आणि ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांचा संपर्क टाळीत असत. पाळक या कथेवर प्रवचन करताना जिवंत पाण्याकडे धाव घेत. आजोबा तेथे जातच नसत. त्यांचे बोट एकाच जागी थांबे: त्याच्याजवळ पोहरा नव्हता. पाणी काढावयाचे तिच्या भांड्याने, प्यावयाचे तिच्या भांड्यातून. त्याने तिला पाणी दिले नाही, आधी तिच्याकडचे मागितले. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. या भेदात एवढे काय आहे, हे मला समजले नाही.

वडील माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात लागले आणि आम्ही मुलुंडकर झालो. त्या काळचे मुलुंड म्हणजे आखीव रस्ते, पाच रस्त्यांचा तो चौक, मागे डोंगर आणि संध्याकाळी डोंगरावरून उतरणारा गारवा. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचा एकच प्याला मी कधी पाहिलाच नाही. पितळी तबकात, भोके पाडलेल्या बैठकीवर, करंगळीएवढ्या काचेच्या पेल्या मांडलेल्या असत. ज्याची त्याने उचलावी, एका घोटात रिकामी करावी, परत ठेवावी. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोगजंतूंचे ज्ञान पसरले तेव्हा तेथील मंडळ्यांनी ही तोड काढली, आणि मिशनच्या मार्गाने ती आमच्यापर्यंत आली. बालपणी मला त्या पेल्या फार आवडत. आजोबा एकदा मुंबईस आले असता त्यांनी ती पेली हातात घेऊन बराच वेळ पाहिली. घरी आल्यावर म्हणाले, 'आता आपल्यालासुद्धा प्रत्येकाला वेगळा.' ते थट्टेने म्हणाले असतील. १९७० मध्ये नागपुरास सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आमच्या दारावरची पाटी बदलली. पेल्या त्याच राहिल्या.

माझे लग्न झाले, सहकारी गृहनिर्माण संस्थेत दोन खोल्या मिळाल्या, आणि निळ्या रेघेच्या सहा कपांचा संच आला. पाठोपाठ धुण्याभांड्यांना बाई आल्या. मुले त्यांना मावशी म्हणत, त्या मला साहेब म्हणत. एका कपाचा कान कोणाच्या हातून तुटला हे स्मरत नाही, परंतु तो टाकून देण्याऐवजी बाईंच्या चहाचा झाला, आणि संच मोडला म्हणून उरलेले पाच आम्ही एका नाताळास रंगीत कागदात बांधून बाईंनाच भेट दिले. पत्नी मनाची उदार होती. बाईंच्या मुलाच्या फीचे पैसे तिने दोनदा भरले होते. कपाविषयी मी एकदा अर्धवट काही बोललो तेव्हा ती म्हणाली, 'तसं काही नाही हो, स्वच्छतेसाठी.' पितळी तबकातील काचेच्या पेल्या मला त्या क्षणी आठवावयास हव्या होत्या. आठवल्या नाहीत.

११ जुलै १९९७ रोजी सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्यास चपलांचा हार घातलेला आढळला, लोक पूर्व द्रुतगती महामार्गावर आले, आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसे मेली. बाई त्याच वस्तीत राहत. त्या आठवड्यात त्या आल्या नाहीत, पुढच्याही आल्या नाहीत. तेव्हा पत्ता विचारीत मी गेलो. अठरा वर्षे ज्या हातांनी माझे ताट घासले त्या हातांचे घर मी प्रथमच पाहत होतो. त्यांच्या घरचे सारे सुखरूप होते, गल्लीत मात्र सुतक होते, आणि बायका दारादारांत न बोलता बसल्या होत्या. मला खुर्ची दिली गेली. चहा आला तो निळ्या रेघेच्या कपात, बशीसह. आमच्याच पाचांपैकी एक, फडक्याने दोनदा पुसलेला.

'तुमचं गाव कंचं, दादा?' बाईंनी विचारले. आपल्या घरात त्यांनी मला दादा म्हटले होते, आणि मला त्याचा राग आला नाही, एवढ्यावरच मी स्वतःवर प्रसन्न झालो होतो.

'नगर,' मी म्हणालो.

'नगरात कुठं?'

'श्रीगोंद्याकडे.'

'मी कर्जतची. मग आपलेच की तुम्ही.'

मी चहा संपविला. 'आपलेच' या शब्दावर मला फक्त हो म्हणावयाचे होते. माझ्या आणि त्यांच्या आजोबांचे कप एकाच जातीच्या खिळ्याला टांगले जात होते, हे सांगावयास एक वाक्य पुरले असते. मी पावसाविषयी काहीतरी बोललो आणि उठलो.

घरी येऊन पत्नीस सारे सांगितले. ती ऐकता ऐकता गप्प झाली, आणि बाई कामावर परत आल्या त्या दिवशी तिने चहा आमच्या रोजच्या फुलांच्या कपात ओतून त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी कपाकडे पाहिले, पत्नीकडे पाहिले, चहा प्यायल्या. मग कप धुतला आणि हातात घेऊन क्षणभर उभ्या राहिल्या. मांडणीवर आमच्या कपांत ठेवावा की ओट्याखाली, हे त्यांना ठरवावे लागत होते. त्यांनी तो ओट्याखाली, कान तुटलेल्या कपाशेजारी ठेवला. आम्ही दोघेही ते पाहत होतो. कोणी काही बोलले नाही. त्या दिवसापासून वेगळे कप दोन झाले.

याच वर्षांत मी आमच्या मंडळीच्या पास्टोरेट कमिटीचा चिटणीस होतो. मिशनकार्य म्हणजे डांग, मेळघाट, दूरची आदिवासी खेडी. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा खास दानार्पण होई आणि त्या रकमेचा हिशेब मी अत्यंत चोख ठेवीत असे. एका बैठकीस घरकामगार स्त्रियांच्या चळवळीतील एक कार्यकर्ती येऊन म्हणाली, आठवड्याची एक सुटी, आजारपणाचा पगार आणि 'मोलकरीण' ऐवजी 'घरकामगार' हा शब्द, एवढे जरी आपल्या सभासदांनी मान्य केले तरी आरंभ होईल. तिच्या चळवळीची मूळ प्रेरणा सिस्टर जीन डेव्हॉस, १९६३ मध्ये भारतात आलेल्या बेल्जियन संन्यासिनी; १९८५ पासून त्यांनी हे काम उभे केले होते. आमच्या बैठकीत विषय 'राजकीय स्वरूपाचा' ठरून तहकूब झाला. मसुदा माझाच होता, भाषा सुंदर होती. पुढे २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, २०११ च्या जूनमध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घरकामगारांसाठी १८९ व्या क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्यावर अद्याप मान्यतेची मोहोर उठविलेली नाही. मान्यता न देण्यात किती सभ्यता असू शकते, याचा अनुभव असल्याने मला त्याचे आश्चर्य वाटत नाही.

आणि एवढ्यावर भागले नाही. २०२० च्या साथीत आमच्या इमारतीने घरकामाच्या स्त्रियांना कित्येक महिने फाटकाबाहेर ठेवले. पुढे आत घेतले तेव्हा त्यांनी सामानाचीच लिफ्ट वापरावी अशी सूचना लागली, आणि कार्यकारिणीत असल्याने तिच्याखाली तीन सह्यांपैकी एक माझी आहे. साथ ओसरली तरी सूचना कोणी काढली नाही. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात सोन्याच्या अंगठीवाल्यास उत्तम आसन आणि मळक्या वस्त्राच्या गरिबास 'तू तेथे उभा राहा' म्हणणाऱ्या मंडळीचे जे वर्णन आहे, ते मी रविवारी व्यासपीठावरून अनेकदा वाचले आहे. माझा स्वर वाचनास चांगला आहे असे लोक म्हणतात.

पत्नी गेली. बाई थकल्या, आता त्यांची सून येते, चार घरे करते, मला काका म्हणते. चहा मात्र कोणाच्याच घरी घेत नाही. 'सवय नाही,' म्हणते. महिन्यातून दोन सुट्या तिने पहिल्याच दिवशी मागून घेतल्या, आणि मी हो म्हणण्यास जो क्षणभर वेळ लावला तो तिच्या लक्षात आला असावा.

मागल्या आठवड्यात नळ दुरुस्तीसाठी ओट्याखालचा पसारा बाहेर काढला, तेव्हा तिच्या हाती तो कप लागला.

'काका, ह्याचा कान तुटलाय. टाकू का?'

मी म्हणालो, 'असू दे. तुझ्या सासूबाईंचा आहे.'

तिने तो उजेडात धरला, काठाच्या निळ्या रेघेवरून अंगठा फिरविला.

'आमच्याकडं ह्याचेच पाच होते,' ती म्हणाली. 'चार फुटले. एक आहे अजून. पाहुण्याला देतो.'