साष्टी बेटाच्या नद्या

मुलांनो, मुंबईत नद्या किती आहेत? पुष्कळ लोक म्हणतील, "मुंबईत कसली नदी? तिथे फक्त नाले!" आमच्या कुर्ल्यात पत्ता सांगतानासुद्धा "नाला ओलांडून या" असेच सांगतात. तो नाला म्हणजे मिठी नदी आहे.

मुंबईची उपनगरे साष्टी बेटावर वसली आहेत. बेटाच्या उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र आहे. मधोमध डोंगर व जंगल आहे. तिथे पडलेला पाऊस नद्यांतून खाली धावतो. दहिसर नदी तुळशी तलावाजवळून निघते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. पोईसर आणि ओशिवरा याही पश्चिमेकडेच जातात. मिठी मात्र दक्षिणेची वाट धरते. विहार आणि पवई हे तलाव भरून वाहू लागले, की ते पाणी तिच्यात येते. साकीनाका, कुर्ला, धारावी असा सुमारे १८ किलोमीटर प्रवास करून ती माहीमच्या खाडीत शिरते.

तिच्या नावाची तुम्हांला गंमत वाटेल. उर्दूत 'मीठी' म्हणजे गोड. मराठीत 'मिठी' म्हणजे ईदच्या दिवशी आपण एकमेकांना मारतो ती. आणि मराठीत 'मीठ' म्हणजे चक्क नमक! नदीचेही तसेच आहे. उगमाजवळ पाणी गोड, तर मुखाजवळ भरतीचे खारे पाणी आत येते.

विहारचे धरण १८६० मध्ये पूर्ण झाले आणि ते पाणी नळातून मुंबईकरांच्या घरी पोहोचले. म्हणजे ज्या पाण्यावर हे शहर वाढले, त्याच पाण्याची नदी पुढे त्याने कचऱ्याने भरली. काठावर झोपड्या आल्या, कारखाने आले. सगळा दोष झोपड्यांना देण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. विमानतळासाठी नदीचे पात्र वळवले गेले आणि वांद्रे-कुर्ला संकुल खाडीकाठच्या दलदलीत भराव घालून उभे राहिले. ती कामे गरिबांनी केलेली नव्हती.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातच समुद्राला मोठी भरती आली. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी उंच चढते, त्यामुळे नदीचे पाणी बाहेर पडू शकत नाही. ते मागे फिरले आणि कुर्ला, कलिना भागांतील घरांत घुसले. आमच्या चाळीत तळमजल्यावरची माणसे दोन रात्री आमच्या घरी होती. एका खोलीत आम्ही एकोणीस जण! चहा होता, पण दूध नव्हते.

त्यानंतर नदीचे पात्र रुंद केले, काठाने भिंती बांधल्या. तरीही जोराचा पाऊस सुरू झाला, की आमच्या चाळीतली म्हातारी माणसे खिडकीशी येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "आज भरती किती वाजता आहे?"