बोगनवेलीचा रोजा

बोगनवेल पाहिली नाही असा माणूस मराठवाड्यात सापडणार नाही. महामार्गाच्या दुभाजकात, शाळेच्या कुंपणावर, कब्रस्तानच्या भिंतीलगत ती हमखास दिसते. तिला कोणी रोज पाणी घालत नाही, खत देत नाही. तरी एप्रिलमध्ये सगळे रान करपलेले असताना तीच तेवढी रंगाने भरून येते. बोन्साय मात्र आपल्या घरांत अजून परके आहे. कोणी म्हणते, तो पैसेवाल्यांचा शौक आहे. कोणी म्हणते, वाढत्या झाडाला खुंटवणे म्हणजे जुल्म आहे. ही दोन्ही वाक्ये आमच्याही घरी बोलली गेली. तरी आज आमच्या नांदेडच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक बोगनवेल उथळ कुंडीत उभी आहे. हाताने वाढवलेले हे आमचे पहिले बोन्साय. ते कसे जगवले हे सांगावेसे वाटते, कारण त्यासाठी फार पैसा लागत नाही. जुल्माच्या प्रश्नाचे उत्तरही आम्हाला त्या कुंडीतच मिळाले.

ही वेल मूळची लातूरची. गंजगोलाईपासून दहा मिनिटांच्या चालीवर आमचे जुने घर होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा घर वाचले, पण कुंपणाच्या भिंतीला तडे गेले. पुढच्या वर्षी अब्बांनी नवी भिंत बांधली आणि फाटकाशी बोगनवेलीची एक काडी खोचली. अब्बा गेले, भावंडे नोकरीधंद्यानिमित्त गावोगाव पांगली आणि २०२२ मध्ये घर विकायचे ठरले. शरीयतप्रमाणे सर्वांचे हिस्से झाले, कोणाची तक्रार राहिली नाही. अम्मींनी आमच्याकडे नांदेडला यायचे कबूल केले, पण मनापासून नव्हे. घर घेणारे ते पाडून नवे बांधणार होते. अम्मींनी एवढेच विचारले, "और उस बेल का क्या होगा?" हिशेबाच्या कागदावर वेल कुठेच नव्हती.

बोगनवेलीचे बोन्साय करण्याचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे जुना बुंधा. काडीपासून जाड खोड व्हायला वर्षे लागतात, बुंध्याला मात्र वय आधीच असते. घर घेणाऱ्यांची परवानगी घेऊन आम्ही जूनच्या शेवटी, दोन पाऊस पडून माती मऊ झाल्यावर वेल काढली. आधी सगळ्या फांद्या छाटल्या. दंडाएवढे जाड, हातभर उंचीचे खोड ठेवले. भोवती खोल चर खणून जाड मुळे करवतीने कापली. बोगनवेलीची बारीक मुळे फार नाजूक असतात, म्हणून त्यांना चिकटलेली माती झाडली नाही. बुंधा ओल्या गोणपाटात बांधला आणि लोहा-अहमदपूरमार्गे एस.टी.ने नांदेडला आणला. कंडक्टरने त्या ओंडक्याकडे पाहून विचारले, "गुरुजी, चूल पेटवता का अजून?"

तो दिसायला सरपणासारखाच होता. बोगनवेलीचे लाकूड मऊ आणि रेषाळ असते. मोठ्या छाटणीच्या जागी पाणी मुरले की आतून कुजते. त्यामुळे प्रत्येक मोठ्या जखमेवर आम्ही बोर्डो मलम लावले. मोसंबीच्या बागा असणाऱ्यांना ते माहीत आहे: एक भाग मोरचूद, एक भाग चुना, दहा भाग पाणी. ते लोखंडी भांड्यात करायचे नसते, प्लास्टिकच्या बादलीत करायचे.

मातीबद्दल आपल्या भागात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपली काळी कापसाची जमीन शेताला सोने, पण कुंडीला ती चालत नाही. ती ओली असली की पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते, त्या भेगांत मुळे तुटतात. आम्ही दोन भाग विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, एक भाग मुरमाड माती आणि एक भाग जुने, कुजलेले शेणखत असे मिश्रण केले. विटांची भुकटी चाळून काढली, नाहीतर तीच खाली बसून भोके बुजवते. पहिल्यांदाच बोन्सायची उथळ कुंडी वापरायची नसते. आम्ही तळाला भोके पाडलेले प्लास्टिकचे घमेले वापरले, बुंधा हलू नये म्हणून सुतळीने बांधला आणि सावलीत ठेवला.

बकरी ईद होऊन आठवडा गेला असेल. बुंध्यावर मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसले. मुलांनी घरभर नाचून घेतले. अम्मी मात्र शांत होत्या. त्या म्हणाल्या, पान म्हणजे मूळ नव्हे. हे नवशिक्याने पाठ करून ठेवावे असे वाक्य आहे. कापलेल्या बुंध्यात साठवलेले अन्न असते, त्याच्या जोरावर मुळे नसतानाही पालवी फुटते. साठा संपला आणि तोवर मुळे धरली नाहीत, तर तीच पालवी एका आठवड्यात माना टाकते. म्हणून पालवी दिसताच उन्हात न्यायचे नाही, खत घालायचे नाही आणि मूळ धरले का हे पाहायला बुंधा हलवायचा तर नाहीच. आम्ही शिक्षक असल्याने हे लगेच पटले. पहिल्या चाचणीत घडाघडा उत्तरे देणारे मूल आणि दिवाळीनंतरही ते लक्षात ठेवणारे मूल यांत हाच फरक असतो. दोन महिन्यांनी घमेल्याच्या भोकातून पांढरी मुळे डोकावली, तेव्हा कुठे ते थोडे थोडे करून उन्हात सरकवले.

जुल्माची गोष्ट त्याच सुमारास निघाली. कोवळ्या फांद्यांना वळण देण्यासाठी आम्ही ॲल्युमिनियमची तार गुंडाळत होतो. बोगनवेलीची जुनी फांदी ताठ असते, वाकवली की कडकन मोडते. तार हिरव्या-कोवळ्या फांदीलाच घालायची आणि ती सालीत रुतण्याआधी काढायची. अम्मी पाहत होत्या. म्हणाल्या, "भिंत भरून फैलणारी वेल, तिला घमेल्यात बसवली, वरून तारा बांधल्या. हे कसले प्रेम?" मग थोड्या वेळाने हसत म्हणाल्या, "मुझे भी तो गमले में ले आए तुम लोग."

त्यावर घरात कोणाकडेच उत्तर नव्हते. लातूरला अम्मींची सकाळ अंगण झाडण्यात, कोंबड्यांना दाणे टाकण्यात, फाटकाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याची खुशाली विचारण्यात जायची. इथे चौथ्या मजल्यावर सगळे त्यांना प्रेमाने एकच म्हणत होते: तुम्ही बसा. वेलीची राखण आम्ही त्यांच्याकडे दिली ती काही मोठा विचार करून नव्हे. आम्ही दोघेही सकाळी सातला शाळेला निघतो आणि कुंडीला दिवसा पाहणारे माणूस लागते. जमिनीतले झाड आपले पाणी आपण शोधते, त्याची मुळे हवी तिथे जातात. कुंडीतल्या झाडाला तो रस्ता बंद असतो, ते माणसाच्या हाताकडे पाहते. ते दुसऱ्याची अमानत ठेवल्यासारखे सांभाळावे लागते. न सांभाळणे हाच जुल्म.

पाणी किती, हा नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर घड्याळात नाही. बोटाचे एक पेर मातीत घालून पाहायचे, ओल लागली तर थांबायचे, कोरडे लागले तर तळातून निथळेपर्यंत द्यायचे. पावसाळ्यात चार-चार दिवस लागत नाही, मे महिन्यात दिवसातून दोनदा लागते. अम्मींनी वजूचे पाणी घंगाळात धरायला सुरुवात केली, तेच वेलीला. रसूलुल्लाह (स.) एक मुद पाण्यात वजू करत असत, म्हणजे साधारण पाऊण लिटरच्या आतबाहेर. आपण नळ सोडून किती सांडतो ते घंगाळ समोर ठेवले की कळते. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी मात्र कुंडीला घालू नये, त्यात क्षार एकवटलेले असतात. बोअरच्या पाण्यानेही कुंडीच्या काठावर पांढरे थर चढतात. पावसाळ्यात एक-दोनदा कुंडी उघड्या पावसात ठेवली की ते धुऊन जातात.

दीड वर्षात वेल हिरवीगार झाली, उथळ कुंडीत बसली, पण फूल एक नाही. खरे तर बोगनवेलीचे रंगीत असते ते फूल नसतेच. ती पाने असतात, कागदासारखी पातळ, आणि त्यांच्या पोटात तीन बारीक नळीसारखी पांढरी फुले असतात. वर्गात हे दाखवले की मुले चकित होतात. संध्याकाळी फुलणारी आपली गुलबक्षी हिच्याच कुळातली आहे हे सांगितले की आणखीच. ही मूळची दक्षिण अमेरिकेची. लुई आंत्वान द बूगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्द्याच्या १७६६ ते १७६९ च्या जगप्रदक्षिणेत ती ब्राझीलमध्ये युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस पडली आणि त्याचे नाव तिला चिकटले. आता ती इतकी आपली झाली आहे की लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने तयार केलेल्या एका वाणाचे नाव 'बेगम सिकंदर' आहे.

तर फुले का येत नव्हती? उत्तर अम्मींनी दिले, लातूरच्या आठवणीतून. २०१६ साली मांजरा धरण आटले होते. पाण्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून पाणवठ्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी भांडी राखेने घासून फडक्याने पुसली जात होती, वेलीला पाणी देण्याचा प्रश्नच नव्हता. अम्मी म्हणाल्या, त्या साली ती भिंतीवर जितकी फुलली तितकी आधी कधी फुलली नव्हती.

यात चमत्कार नाही. बोगनवेलीला भरपूर पाणी आणि भरपूर नत्र मिळाले की ती पानेच वाढवते. ताण बसला की फुलावर येते. त्याला ऊनही हवे, दिवसाचे पाच-सहा तास तरी थेट. म्हणून शेणखत आवरते घेतले, शेंडे खुडले आणि पाणी तोडले. हे २०२४ च्या मार्चमध्ये, रमजान नुकताच सुरू झाला होता. पद्धत अशी: सकाळी पाणी नाही. दुपारी पाने माना टाकू लागली की लक्ष ठेवायचे. संध्याकाळी द्यायचे, तेही एरवीच्या निम्मे. पाने मऊ पडून लोंबली तर ती परत उभी राहतात. कुरकुरीत वाळू लागली तर ताबडतोब पोटभर पाणी. या दोहोंमधले अंतर नांदेडच्या उन्हात काही तासांचे असते. ते ओळखायला दिवसभर घरात असलेले डोळे लागतात.

मुलांनी विचारले, "दादी, झाडाला तहान लागली, पाणी द्या ना." अम्मी म्हणाल्या, "रोजा है उसका." मग मगरिबची अजान झाली की अम्मी खजूर तोंडात टाकत आणि पेला घेऊन आधी गॅलरीत जात. एका संध्याकाळी त्या जे बोलल्या ते आम्ही जसेच्या तसे लिहून ठेवले आहे. म्हणाल्या, "रोज्याला मगरिब असते. दुष्काळाला नसते. लातूरला त्या साली वेल फुलली, पण तिला कोणी मगरिब दिली नव्हती. ती फुलली आणि अर्धी वाळूनही गेली."

झाडाला तहान लावणे हा जुल्म नव्हता. तिला शेवट न ठेवणे हा जुल्म झाला असता. मुलांना, म्हाताऱ्यांना, स्वतःलाही आपण अनेक गोष्टींत आवर घालतो. त्या आवराची मगरिब कधी, हे ठरलेले असले आणि ती वेळ पाहणारे कोणी जागे असले, म्हणजे तो आवर सोसवतो.

तीन आठवड्यांनी पाणी पूर्ववत केले. ईदच्या दिवशी फांद्यांच्या टोकांना टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या होत्या. रंग उमलायला आणखी आठ-दहा दिवस गेले. लातूरच्या भिंतीवर होता तोच गडद राणी रंग.

फुले गळाली की त्या फांद्या छाटायच्या, कारण पुढचा बहर नव्या फुटीवर येतो. दर दोन वर्षांनी माती बदलायची, मुळे थोडी कापायची. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाने पुसून निंबोळी अर्क फवारायचा. काटे असतात, लहान मुलांच्या हातापासून दूर ठेवायची. आणि छाटलेल्या काड्या फेकायच्या नाहीत. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी पावसाळ्याच्या तोंडी वाळूमिश्रित मातीत खोचली की बहुतेक वेळा धरते. सगळ्याच धरत नाहीत, म्हणून पाच-सात लावाव्यात.

अम्मींनी मागच्या पावसाळ्यात अकरा काड्या लावल्या, सहा जगल्या. एक उदगीरला गेली, एक औरंगाबादला, एक पुण्याला. राहिलेल्या तीन गॅलरीत आहेत, प्रत्येक पिशवीवर अम्मींनी उर्दूत नाव लिहिले आहे. हिश्श्याच्या कागदावर जी वेल नव्हती, तिची वाटणी त्या अशी करत आहेत. फोनवर प्रत्येकाला एकच विचारतात, घर कसे आहे हे नंतर, आधी हे: "बोट घालके देखे क्या मिट्टी में?"